‘सुसंगत’ ह्या शब्दाचा अर्थ : फायरफॉक्स, झोटेरो आणि स्वयंसेवकांची प्लगइन्स

एखादे प्लगइन नव्या आवृत्तीशी ‘सुसंगत’ आहे असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा ते विधान नेमके कशाविषयी असते, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. मूळ सॉफ्टवेअरला जे साधत नाही ते त्याच्याकडून करवून घेणारी, बाहेरून जोडलेली छोटी आज्ञावली म्हणजे प्लगइन. ते बहुधा एखाद्या गरजू अभ्यासकाने फावल्या वेळात लिहिलेले असते, विनामूल्य वाटलेले असते. आणि मूळ सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती निघाली की ते चालेल की नाही ही विवंचना त्याच्या कर्त्याला व ते वापरणाऱ्याला सारखीच लागते. ‘सुसंगत’ हे विशेषण प्लगइनला लावतात म्हणून सुसंगती हा प्लगइनचा गुण होय, असा समज होतो. वस्तुतः विशेषण एका नामाला चिकटलेले असले, तरी हा गुण कोणा एकाचा नव्हे. तो दोघांमधील संबंध आहे, आणि त्या दोघांपैकी एकजण सतत पालटत असतो. ‘शेजारी’ हा शब्द जसा जगात एकट्याच असलेल्या माणसाला लावता येत नाही, तशातलाच हा प्रकार. पालटतो तो यजमान आणि ‘विसंगत’ ठरतो तो पाहुणा, ही ह्या शब्दप्रयोगातील पहिली खोच आहे.

ह्या प्रश्नाचा विचार करावयास झोटेरोचे उदाहरण विशेष उद्बोधक आहे. संदर्भसूची जमविणे, टाचणे ठेवणे, प्रबंधात अवतरणांचे निर्देश घालणे ह्यांसाठी विद्यापीठांतून ते सर्रास वापरले जाते, म्हणून तर ते जवळचे आहेच; पण त्याहून महत्त्वाचे कारण असे की, झोटेरोने ह्या नात्याच्या दोन्ही बाजू भोगल्या आहेत. व्हर्जिनियातील जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या इतिहास व नवमाध्यम केंद्रातून ऑक्टोबर २००६ मध्ये झोटेरो प्रथम लोकांपुढे आले, ते फायरफॉक्स ह्या ब्राउझरचे एक एक्स्टेंशन म्हणून. (‘हस्तगत करणे, प्रभुत्व मिळविणे’ अशा अर्थाच्या एका अल्बेनियन क्रियापदावरून त्याचे नाव घेतलेले आहे, नावात प्रभुत्व आणि अवस्था आश्रिताची, असा हा काळ होता.) पुढे ते स्वतंत्र झाले, यजमान झाले, त्याच्या आश्रयाला इतरांची प्लगइन्स आली, आणि जे त्याच्या वाट्याला आले होते तेच काही प्रमाणात त्याने त्यांच्या वाट्याला दिले.

फायरफॉक्सची पहिली पूर्ण आवृत्ती ९ नोव्हेंबर २००४ रोजी निघाली. तिची रचना अशी होती की, एक्स्टेंशनला ब्राउझरच्या अंतर्भागात जवळजवळ मुक्तद्वार असे. ब्राउझरची खिडकी झूल नावाच्या एका चिन्हभाषेत लिहिलेली असे. तिच्यातील प्रत्येक घटकाला नाव असे. एक्स्टेंशनने त्या नावाचा उच्चार करून ‘ह्याच्या शेजारी माझा घटक ठेव’ एवढे सांगितले की काम होई. त्याहीपुढे जाऊन ब्राउझरचे एखादे फलन काढून त्या जागी आपले बसविण्याची सोय होती. ही नावे मुळात ब्राउझर घडविणाऱ्यांनी स्वतःच्या सोयीसाठी ठेवलेली. ती कायम राहतील असे अभिवचन कोणी दिलेले नव्हते. तथापि हजारो लोक ती नावे वापरू लागल्यावर ती खाजगी राहिली नाहीत.

हे भाषेच्या अभ्यासकाला नवे नाही. महाभाष्याच्या आरंभी पतंजलीने कुंभार आणि वैयाकरण यांच्यातील जो भेद दाखविला आहे, त्याचे तात्पर्य हेच की, शब्द वैयाकरणाच्या घरी घडत नाहीत. ते व्यवहारात रूढ होतात आणि शास्त्र त्यांच्या मागून येते. सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात हाच अनुभव ‘हायरमचा नियम’ ह्या नावाने ओळखला जातो. गूगलमध्ये काम केलेल्या हायरम राइट ह्या अभियंत्याच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या ह्या नियमाचा आशय असा की, वापरणारे पुरेसे झाले म्हणजे कराराच्या कागदावर काय लिहिले आहे ह्याला महत्त्व उरत नाही. यंत्रणेचे जे जे वर्तन डोळ्यांना दिसते त्या प्रत्येकावर कोणी ना कोणी विसंबलेले असते. व्याकरण एक सांगते, रूढी दुसरे. आणि मोडते ती रूढी.

ह्या रूढीला आवर घालण्यासाठी फायरफॉक्सने जी युक्ती योजली होती ती भाषिक दृष्टीने फार कुतूहलाची आहे. प्रत्येक एक्स्टेंशनबरोबर एक परिचयपत्र असे आणि त्यात किमान व कमाल अशा दोन आवृत्त्यांचे अंक लिहावे लागत. किमान आवृत्ती हे भूतकाळाविषयीचे विधान आहे. ते पडताळून पाहता येते. कमाल आवृत्ती हे मात्र भविष्याविषयीचे विधान. जी आवृत्ती अजून जन्मलेलीच नाही तिच्याविषयी कर्त्याने साक्ष द्यावी अशी अपेक्षा, आणि साक्ष न दिल्यास एक्स्टेंशन बंद. मग ते प्रत्यक्षात चालत असो वा नसो. जोवर दोन मोठ्या आवृत्त्यांत वर्षाचे अंतर होते तोवर ही साक्ष देणे जड जात नसे. पण २२ मार्च २०११ रोजी आवृत्ती ४ निघाली आणि २१ जून २०११ रोजी आवृत्ती ५; तेथून पुढे दर सहा आठवड्यांनी नवी आवृत्ती काढण्याचे धोरण सुरू झाले. आता दर सहा आठवड्यांनी हजारो स्वयंसेवकांनी येऊन ‘होय, अजून चालते’ एवढे एकच वाक्य म्हणावे, अशी स्थिती आली. ती टिकण्याजोगी नव्हतीच. अखेर ३१ जानेवारी २०१२ च्या आवृत्ती १० पासून गृहीतक उलटविण्यात आले : काही अपवाद सोडता, विरुद्ध पुरावा नसेल तर एक्स्टेंशन सुसंगत मानावे. यंत्राच्या दृष्टीने फारसे काही बदलले नव्हते. पुराव्याची जबाबदारी मात्र एका पक्षाकडून दुसऱ्याकडे गेली होती. ‘सुसंगत’ ह्या शब्दाचा अर्थ असा एका रात्रीत पालटला.

पुढचा पालट अधिक कठोर होता. २१ ऑगस्ट २०१५ रोजी मोझिलाने जाहीर केले की झूल व तिच्यावर आधारलेली एक्स्टेंशन्स ह्यापुढे ‘डेप्रिकेटेड’ समजली जातील आणि त्यांच्या जागी वेबएक्स्टेंशन्स ही मर्यादित, ठरावीक करारांची पद्धती येईल. (ह्या शब्दाच्या मुळाशी असलेल्या लॅटिन क्रियापदाचा अर्थ ‘प्रार्थना करून अरिष्ट टाळणे’ असा आहे. सॉफ्टवेअरच्या परिभाषेत प्रार्थना गळाली आणि अरिष्ट तेवढे राहिले.) १४ नोव्हेंबर २०१७ च्या आवृत्ती ५७ मध्ये जुनी एक्स्टेंशन्स बंद झाली. संस्थांसाठी असलेल्या दीर्घ मुदतीच्या आवृत्ती ५२ मध्ये ती २०१८ च्या सप्टेंबरपर्यंत तग धरून होती, एवढेच.

ह्या निर्णयावर कृतघ्नतेचा आरोप पुष्कळांनी केला. तो पूर्णपणे मान्य करता येत नाही. ब्राउझरचे काम अनेक प्रक्रियांत विभागून त्याला सुरक्षित व वेगवान करावयाचे, तर ज्या अंतर्भागाला हजारो हात लागलेले आहेत तो हलविणे प्राप्तच होते. आणि अंतर्भागातील प्रत्येक नाव कायमचे गोठवून ठेवावे ही मागणी म्हणजे घरमालकाने भिंतीतला एक खिळाही काढू नये अशी मागणी होय. आक्षेप घ्यावयाचा तो वेगळ्या ठिकाणी. जुन्या एक्स्टेंशनने वापरणाऱ्याची जी सामग्री साठविली होती तिची वाट काय, ह्या प्रश्नाला मोझिलाने दिलेले उत्तर फायरफॉक्स ५१ मध्ये, म्हणजे जानेवारी २०१७ मध्ये दिसते. जुन्या एक्स्टेंशनच्या पोटात नवे वेबएक्स्टेंशन बसवून सामग्री एकाकडून दुसऱ्याकडे सोपविण्याची ती सोय होती. योजना चांगली, पण ती अमलात आणणार कोण? तर एक्स्टेंशनचा कर्ता, आणि तोही सुमारे दहा महिन्यांत. ज्याला नोकरी लागली, ज्याचा उत्साह मावळला, जो आता ह्या जगात नाही, त्याच्या वाचकांसाठी त्या पुलावर कोणी उभे नव्हते. स्क्रॅपबुक नावाच्या एक्स्टेंशनने संकेतस्थळांवरील पाने संशोधकांच्या संगणकात जतन केली होती. पाने साध्या एच.टी.एम.एल.मध्ये असल्यामुळे ती एकेकटी वाचता येत राहिली. परंतु कोणते पान कोणत्या विषयाखाली, कोणत्या टीपेसह ठेवले होते ही वर्गवारी एका वेगळ्या सूचीत होती, आणि तिला वाचा फुटण्यासाठी दुसऱ्याच एका स्वयंसेवी एक्स्टेंशनची मदत घ्यावी लागली.

झोटेरोने ह्या वादळातून आपला मार्ग आधीच काढला होता. २०११–१२ पासून त्याचे स्वतंत्र रूप उपलब्ध होते. जुलै २०१७ मधील झोटेरो ५ पासून फायरफॉक्समधील रूप बंद करून केवळ स्वतंत्र रूपच ठेवण्यात आले, आणि ब्राउझरशी बोलण्यासाठी एक लहानसा जोडदुवा उरला. मात्र ह्या स्वतंत्र घराचा पाया मोझिलाचाच होता. मार्च २०२२ मधील झोटेरो ६ फायरफॉक्स ६० च्या पायावर उभे होते. ऑगस्ट २०२४ मधील झोटेरो ७ फायरफॉक्स ११५ च्या. पंचावन्न आवृत्त्यांची ही एकच उडी. खालचा पाया बदलला म्हणजे वरचे सगळेच हलते. तेव्हा झोटेरोसाठी लिहिलेल्या प्लगइन्सची जवळजवळ सर्व पुनर्रचना करणे भाग पडले. घटक शेजारी ठेवण्याची जुनी पद्धत गेली, परिचयपत्राचा जुना नमुना गेला, खिडकीतील अनेक घटकांच्या व्याख्या बदलल्या, भाषांतरित शब्दांच्या याद्यांचे स्वरूपदेखील बदलले.

झोटेरो ७ च्या निमित्ताने प्लगइन-कर्त्यांसाठी प्रसिद्ध झालेले मार्गदर्शन ह्या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. त्याचा पहिला गुण प्रामाणिकपणा. प्लगइन्सना बंदिस्त करण्याचा मोझिलाचा मार्ग त्याने स्वीकारला नाही. मोझिलाने टाकून दिलेली ‘बूटस्ट्रॅप’ पद्धती झोटेरोने आपल्या अंगी राखली आणि अंतर्भागाचे दार उघडेच ठेवले. त्याबरोबरच वारंवार लागणाऱ्या गोष्टींसाठी ठरावीक करार पुढे केले : पसंतींच्या चौकटीत आपले पान नोंदवावयाचे असेल तर असे, नोंदींच्या यादीत नवा रकाना हवा असेल तर तसे. रूढ प्रयोगांपैकी जे सर्वसामान्य झाले त्यांना व्याकरणात स्थान द्यावे, उरलेल्यांना बोलीत राहू द्यावे, असे हे धोरण आहे, आणि फायरफॉक्सच्या सरसकट निषेधापेक्षा ते निश्चितच समंजस आहे.

पण ह्याच मार्गदर्शनात कमाल आवृत्ती पुन्हा अवतरते, आणि तीही ‘स्ट्रिक्ट’ म्हणजे काटेकोर ह्या विशेषणासह. ज्या शेवटच्या आवृत्तीवर प्लगइन तपासले असेल तिचाच अंक कर्त्याने लिहावा. त्यापुढच्या मोठ्या आवृत्तीत ते आपोआप बंद पडेल. दार उघडे आहे म्हणून पहारा कडक हवा, हा त्यामागील तर्क समजण्याजोगा आहे. झोटेरोच्या संग्रहात वर्षांची मेहनत असते. बिघडलेल्या प्लगइनने ती नासवू नये. मात्र एक तपशील लक्षात घेण्याजोगा आहे. प्लगइनमध्ये एका अक्षराचाही फरक न करता, दूरवर ठेवलेल्या अद्यतन-सूचीत केवळ कमाल आवृत्तीचा अंक वाढविला, तरी तेच प्लगइन पुन्हा सुसंगत ठरते. म्हणजे काल विसंगत असलेली वस्तू आज सुसंगत झाली ती वस्तूत बदल होऊन नव्हे, तर कोणीतरी वाक्य उच्चारले म्हणून. न्यायाधीशाने निकाल देणे वा पंचाने बाद ठरविणे ह्या जातीचे हे वाक्य आहे : ते वस्तुस्थिती सांगत नाही, घडविते. आणि असे वाक्य उच्चारावयास अधिकारी व्यक्ती हयात, हजर आणि तयार असावी लागते. काटेकोर सुसंगती ही अशा रीतीने प्लगइनच्या प्रकृतीची नव्हे, कर्त्याच्या उपस्थितीची मोजणी ठरते. स्वयंसेवकाच्या बाबतीत नेमकी हीच गोष्ट सर्वांत अनिश्चित असते.

झॉटफाइल ह्या प्लगइनचा इतिहास येथे बोलका आहे. जोडलेल्या पी.डी.एफ.ना लेखक–वर्ष–शीर्षक अशी नावे देणे, त्या ठरावीक जागी हलविणे, वाचताना रंगविलेल्या ओळी टिपणांत उतरवून घेणे, वाचनासाठी प्रती टॅब्लेटवर पाठवून परत आणणे, अशी कामे ते करी. आणि अनेक वर्षे प्रबंध लिहिणाऱ्यांच्या जगात ते झोटेरोचा भागच मानले जाई. झोटेरो ६ मध्ये अंगभूत वाचक-खिडकी आली आणि रंगविलेल्या ओळी उतरविण्याचे काम यजमानानेच हाती घेतले. झोटेरो ७ शी झॉटफाइल जुळवून घेण्यात आले नाही. त्याच्या कर्त्याला त्याबद्दल दोष देण्याचा अधिकार कोणालाही नाही; फुकट दिलेल्या वस्तूचा जन्मभर सांभाळ करण्याचे वचन त्यात अंतर्भूत नसते. त्याची उरलेली कामे करण्यासाठी ॲटँगर, झॉटमूव्ह अशी प्लगइन्स इतर स्वयंसेवकांनी पुढे आणली. वरवर पाहता सारे सुरळीत झाले.

तरी एक बारीक गोष्ट राहून गेली. टॅब्लेटवर पाठविलेल्या प्रतीला झॉटफाइल एक टॅग लावीत असे : आरंभी अधोरेषा आणि पुढे ‘टॅब्लेट’ हा शब्द. ‘ही प्रत बाहेर आहे, परत यावयाची आहे’ असा त्याचा अर्थ. तो अर्थ जाणणारे जगात एकच होते, झॉटफाइल. ते गेले, पण टॅग संग्रहात राहिला. शब्द आहे, अर्थ जाणणारा नाही. बोली नामशेष झाल्यावर एखाद्या ग्रामनामात तिचा प्रत्यय अडकून राहावा तसा तो राहिला. ज्याने जुन्या आवृत्तीतून बाहेर पडण्यापूर्वी प्रती परत आणल्या नाहीत, त्याची टाचणे एका जागी आणि नोंद दुसऱ्या जागी, अशी ताटातूट होण्याची शक्यता त्यात होती.

ह्यावरून एक भेद करणे अवश्य ठरते, आणि तो प्रचलित चर्चेत क्वचितच केलेला आढळतो. प्लगइनची क्रिया चालू राहणे ही एक सुसंगती. प्लगइनने मागे ठेवलेली नोंद वाचता येणे ही दुसरी. पहिली स्वयंसेवकाच्या हयातीवर व हौसेवर अवलंबून असल्यामुळे तिची हमी मागता येत नाही. दुसरी मात्र मागता येते, आणि ती यजमानाकडे मागावयास हवी. कारण नोंद यजमानाच्या घरात आहे. बेटर बिबटेक ह्या प्लगइनचा दाखला घ्यावा. लेटेक्समध्ये लिहिणाऱ्यांसाठी ते प्रत्येक ग्रंथाला एक उद्धरण-संकेत देते. झोटेरो ६ व ७ च्या काळात, वापरणाऱ्याने हा संकेत ‘पक्का’ केला तर तो ग्रंथाच्या नोंदीतच, ‘एक्स्ट्रा’ नावाच्या रकान्यात, साध्या अक्षरांत लिहिला जाई. पक्का न केलेले संकेत प्लगइनच्या स्वतःच्या भांडारात राहत. हे प्लगइन झोटेरो ७ शी जुळवून घेण्यात आले, तेव्हा प्रसंग ओढवला नाही. पण समजा ओढवला असता, तर पहिले संकेत डोळ्यांनी वाचता आले असते आणि दुसरे शोधत बसावे लागले असते. तीनशे पानी प्रबंधातील प्रत्येक निर्देश अशा संकेतावर टांगलेला असतो, हे ध्यानी घेतले म्हणजे हा भेद पुस्तकी नाही हे पटेल.

मराठीच्या अभ्यासकाला तर ह्या दोन्हींचा अनुभव घरचाच आहे. १९६२ साली शुद्धलेखनाचे नवे नियम मान्य झाले आणि अनुच्चारित अनुस्वार लेखनातून गेले. परंतु ‘नाहीं’, ‘कांहीं’ असे छापलेले जुने ग्रंथ त्यामुळे कोणाला वाचता येईनासे झाले नाहीत. लिहिण्याचा नियम बदलला, वाचण्याची वाट मोडली नाही. उलट युनिकोड रूढ होण्यापूर्वीच्या काळात श्रीलिपीसारख्या साधनांनी टंकलिखित केलेला मजकूर पाहावा. तेथे देवनागरीची रूपे रोमन अक्षरांच्या संकेतांवर बसविलेली होती. ती विशिष्ट टंकमाला संगणकावर नसेल तर पडद्यावर रोमन अक्षरांचा अर्थहीन गोंधळ उमटतो आणि रूपांतरकाशिवाय त्यातून काही निष्पन्न होत नाही. त्या काळचे किती प्रबंध, किती नियतकालिकांचे अंक ह्या अवस्थेत फ्लॉपींवर व तबकड्यांवर पडून आहेत! मजकूर नष्ट झालेला नाही. त्याला वाचणारा मध्यस्थ तेवढा गेला आहे.

अन्य समूहांनी ह्या कोड्याची उकल वेगवेगळ्या रीतींनी केली आहे. लिनक्सच्या गाभ्यात अंतर्गत करार स्थिर ठेवण्याचे नाकारले जाते, पण जे चालक-कार्यक्रम गाभ्याच्या मूळ वृक्षात दाखल झालेले असतात त्यांची दुरुस्ती, अंतर्भाग बदलणाऱ्यानेच करावी असा शिरस्ता आहे. ही एकत्र कुटुंबाची पद्धत : कर्त्या पुरुषाने भिंत पाडली तर त्यानेच सर्वांची बिछान्याची सोय लावावयाची. झोटेरोच्या प्लगइन्सना ती लागू करता येत नाही, कारण ती घराबाहेर राहतात. ड्रुपल ह्या संकेतस्थळ-प्रणालीने दीर्घकाळ दुसरी वाट चोखाळली : मोठ्या आवृत्तीत आज्ञावली मोडली तरी चालेल, पण वापरणाऱ्याची सामग्री नव्या आवृत्तीत नेण्याची वाट ठेवली पाहिजे. प्लगइन-कर्त्यांना त्याचा जाच झाला, नाही असे नाही. परंतु मोडावयाचे काय आणि राखावयाचे काय हा भेद निदान तत्त्व म्हणून त्यांनी उघडपणे मांडला.

झोटेरो ७ च्या प्लगइनचे परिचयपत्र आता ह्या कसोटीवर पाहावे. त्यात नाव आहे, ओळख-संकेत आहे, आवृत्ती आहे, अद्यतन-सूचीचा पत्ता आहे, किमान व काटेकोर कमाल मर्यादा आहेत. हे प्लगइन संग्रहात काय लिहिते, कोणत्या टॅगांनी, कोणत्या रकान्यांत, कोणत्या वेगळ्या भांडारात, आणि ते काढून टाकल्यावर त्यातील काय मागे उरते, ह्यासाठी मात्र एकही ओळ नाही. ती असती तर नवी आवृत्ती चढविताना यजमानाला ‘हे प्लगइन विसंगत आहे’ एवढ्यावर न थांबता, ‘ह्या प्लगइनची सव्वीस चिन्हे आपल्या संग्रहात आहेत, ती येथे आहेत’ असे काहीतरी सांगता आले असते. अशी ओळ लिहिण्यास कर्त्याला पाव तासाहून अधिक वेळ लागणार नाही, आणि ती एकदाच, तो उत्साहात आणि उपस्थित असताना, लिहून घ्यावयाची आहे. ती कोणत्याही आवृत्तीविषयी नसल्यामुळे दर आवृत्तीला नव्याने वदवून घेण्याचीही गरज नाही. तोवर जुने संग्रह नव्या संगणकावर नेणाऱ्या विद्यार्थ्याला टॅगांच्या यादीच्या वरच्या टोकाशी, अधोरेषेने सुरू होणारा तो एक टॅग भेटत राहील.